पाचाच्या जागी वीस

मी एक जुना फ्यूजचा डबा आहे. माझ्या झाकणाचा उजवा कोपरा वितळून वाकडा झाला आहे, आणि ज्या दोघांमुळे तो वितळला त्यांच्याबद्दल मी गोड बोलणार नाही. मित्रांनो, वस्तूने आपली हकीकत सांगताना नम्र असावे, अशी तुमची अपेक्षा असते. ती घरातल्या कपाटाकडून किंवा छत्रीकडून ठेवा. मी बोटीवर काम करतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. साच्यातून काळ्या प्लास्टिकचे डबे बाहेर पडायचे आणि एक बाई त्यांत पितळी पट्ट्या बसवायची. प्रत्येक पट्टी ती बोटाने हलवून पाही. हलली की डबा बाजूला. मला तिने दोनदा तपासले, काही न बोलता खोक्यात ठेवले आणि पुढचा डबा उचलला. मला अशीच माणसे आवडतात.

माझ्या पोटात सहा खाचा आहेत. प्रत्येक खाचेत एक फ्यूज बसतो. फ्यूज म्हणजे दोन पायांमध्ये ताणलेली एक बारीक तार. वायरला सोसणार नाही इतकी वीज येऊ लागली, की ही तार आधी स्वतः जळते आणि वीज तोडते. पाच अँपिअरचा फ्यूज फिक्कट तपकिरी असतो, दहाचा लाल, वीसचा पिवळा. किती अँपिअरचा घालायचा, ते वायरची जाडी ठरवते. माणसाचा स्वभाव ते ठरवत नाही. एवढे जरी ध्यानात ठेवलेत तरी माझे निम्मे काम झाले.

ज्या बोटीवर मी आलो ती लहान होती. लाकडी, नऊ माणसे बसतील एवढी, पुढे अर्धी केबिन. सकाळी उजाडायच्या सुमारास ती बंदराच्या अलीकडच्या धक्क्यावरून गोदीतल्या कामगारांना पलीकडे न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. मध्ये मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा येतो. तो ओलांडताना लहान बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे-वर पांढरे दिवे लागलेले हवेत. जहाजावरच्या माणसाला त्यावरूनच कळते की पुढे कोणीतरी आहे आणि कोणत्या दिशेने चालले आहे. दिवे नसले तर त्याच्या लेखी तुम्ही पाणीच.

बोट एका म्हाताऱ्याची होती. त्याचा आवाज असा, की धक्क्यावर सगळे त्याला फौजदार म्हणत. गुडघे गेल्यावर सुकाणू त्याने मुलीच्या हाती दिले. मुलगी उत्तम बोट चालवायची. प्रवासी तिला ताई म्हणत. तिचा नवरा वायरमन होता, घरांच्या वायरिंगची कामे करणारा. फौजदाराला जावई आवडत नव्हता आणि जावयाला फौजदार. कारण मला कधीच सापडले नाही. बहुधा त्यांनाही आठवत नसावे.

मला बसवायच्या दिवशीच दोघांचे वाजले. दिव्यांची वायर पुढे नेण्यासाठी केबिनच्या आडव्या फळीत भोक पाडायचे होते.

"माझ्या बोटीला भोक मीच पाडणार," फौजदार म्हणाला. त्याने पाडले आणि फळी चिरू नये म्हणून भोकाभोवती पत्रा ठोकला.

"मामा, पत्र्याची कड वायरला कापेल. रबरी कडी बसवतो त्यात," वायरमन म्हणाला. कडी त्याच्या हातातच होती.

"काही गरज नाही. चाळीस वर्षं चालवतोय बोट, कडीबिडी न घालता."

"चाळीस वर्षं कंदील टांगत होतात."

"जावईबापू, कंदील कधी फळीत शिरून बसला नाही. लोंबता राहिला. काही माणसांनाही तेवढं कळायला हवं."

वायरमनचा चेहरा लाल झाला. त्याने कडी खिशात टाकली आणि वायर तशीच पत्र्यातून ओढून घेतली. बाकीचे काम त्याने नेटके केले, हे मला सांगितलेच पाहिजे. लवचीक तारांची वायर, टोकांना दाबून बसवलेल्या चपट्या पिना, दिव्यांच्या खाचेत पाचचा तपकिरी फ्यूज. मग झाकण लावून तो सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे म्हणाला, "एक दिवस हे दिवे बंद पडतील. तेव्हा मामांनाच मला बोलवायला यावं लागेल."

"मेलो तरी येणार नाही," फौजदार म्हणाला.

मित्रांनो, एका रबरी कडीची गोष्ट तिथेच संपली असती. हात खिशात जाऊन रिकामा बाहेर येतो, तेवढाच वेळ लागला. पुढे जे झाले ते त्या दोघांनी मिळून केले, आणि एकत्र केलेले ते त्यांचे एकमेव काम.

दोन वर्षे मी बिनतक्रार चाललो. बंदराच्या तपासनिसाने एकदा मला उघडून पाहिले, "डबा स्वच्छ आहे" असे म्हटले आणि कागदावर खूण केली. माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच. ताई रोज निघण्यापूर्वी बटण दाबून तीनही रंग पाही. प्रवाशांत एक वेल्डर होता, तोंडाळ. तो रोज म्हणायचा, "ताई, तो हिरवा माझ्याकडे बघून डोळा मारतोय, बायकोला सांगू नका."

तो खरेच डोळा मारत होता. पत्र्याच्या कडेवर घासून, वीज नेणारी आणि परत आणणारी अशा दोन्ही वायरींची साल सोलली जात होती. बोट हेलकावली की दोन्हींचे तांबे पत्र्याला टेकायचे आणि वीज दिव्यांपर्यंत न जाता तिथूनच मागे वळायची. एका दुपारी, फौजदार बोट धूत असताना दिवे लावून पाहत होता, तेव्हा माझ्यातला तपकिरी फ्यूज जळला. त्याचे जे काम होते ते त्याने केले.

फौजदाराने झाकण उघडले, जळका फ्यूज काढला आणि इकडेतिकडे पाहिले. मुलीला सांगितले असते तर तिने नवऱ्याला बोलावले असते. त्याने दुकानातून पाचचा नवा आणून बसवला. आठ दिवसांनी तोही जळला. मग त्याने दहाचा लाल घातला. तो महिनाभर टिकला.

"हे पाचचे फ्यूज म्हणजे पोरखेळ," तो एकटाच पुटपुटला आणि वीसचा पिवळा माझ्या खाचेत दाबून बसवला. "आता बघू कसा जळतो."

तो जळणार नव्हता. तीच तर अडचण होती. आता जळायची पाळी वायरची होती. मी डबा आहे. जे घालतील ते मला धरून ठेवावे लागते. त्या दिवशी मला तोंड असते तर मी फौजदाराच्या वरताण ओरडलो असतो.

पुढच्या सोमवारी वार्षिक तपासणी होती. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी ताई घरी होती आणि फौजदार धक्क्यावरच्या बाकावर डुलकी काढत होता. वायरमन बोटीवर चढला. फौजदाराने त्याला चढायची बंदी केली होती, म्हणून चपला काढून चढला. त्याने माझे झाकण उघडले आणि पिवळा फ्यूज पाहिला.

तो वायरमन होता. त्या रंगाचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याचा हात फ्यूजपर्यंत आला. मला वाटले, सुटलो.

हात थांबला. त्याने बाकावर घोरणाऱ्या सासऱ्याकडे पाहिले आणि हसला.

"सोमवारी," तो हळूच म्हणाला. "साहेबासमोरच उघडे पडा, मामा."

आणि त्याने माझे झाकण लावले. मित्रांनो, मी आजवर पुष्कळ हातांनी उघडला आणि मिटला गेलो आहे. धुतलेल्या हातांनी, तेलकट हातांनी, घाईने, रागाने. इतक्या हळुवारपणे मला कोणी कधी मिटले नव्हते. मला त्या हाताचा आजही तिरस्कार वाटतो.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी सकाळी धुके पडले.

धुके असे होते की सुकाणूवरून बोटीचे टोक दिसत नव्हते. ताईने दिवे लावले, भोंगा वाजवून पाहिला आणि मंद गतीने निघाली. नऊ प्रवासी जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसले होते. अर्ध्या वाटेत, जहाजांच्या मार्गातच, पाणी उसळू लागले. पत्र्यातल्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आणि चिकटूनच राहिल्या. पाचचा फ्यूज असता तर पापणी लवायच्या आत गेला असता. पिवळा शांत बसला. त्याच्यातून सतरा-अठरा अँपिअर वाहत होते आणि ते त्याला जड नव्हते. वायर मात्र त्याच्या निम्म्यावरच तापणारी होती.

"ताई," वेल्डर म्हणाला, "इथे काहीतरी भाजतंय. आणि या वेळी मी नाहीये."

त्याच्या पाठीमागच्या फळीतून धूर येत होता. दिवे आधीच पिवळट होऊन विझले होते. ताईने माझे झाकण उघडले तेव्हा माझ्या पट्ट्या इतक्या तापल्या होत्या की कोपरा वितळून ओघळत होता. चिमटा शोधायला वेळ नव्हता. तिने पिवळा फ्यूज नुसत्या बोटांनी उपटला. वितळते प्लास्टिक तिच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटले. ती ओरडली नाही. डाव्या हाताने तिने बॅटरीचा मुख्य खटका बंद केला.

वेल्डरने लाथ मारून फळी फोडली. दोघांनी बादलीने पाणी मारले. आग मोठी व्हायच्या आत विझली. पण आता बोटीवर एकही दिवा नव्हता, आणि वीज तोडल्यामुळे भोंगाही नव्हता. डिझेलवरचे इंजिन तेवढे चालत होते.

त्याच वेळी धुक्यात जहाजाचा भोंगा झाला. लांब, जाड, डावीकडून.

"सगळे गप्प," ताई म्हणाली. दुसरा भोंगा झाला तेव्हा तो जवळ आला होता. "आता सगळे वाजवा. जे असेल ते."

नऊ माणसांनी जेवणाचे डबे एकमेकांवर, बाकांवर, पान्यांवर बडवायला सुरुवात केली. ताईने भाजलेल्या हाताने सुकाणू धरले आणि आवाजाच्या वाटेबाहेर बोट पूर्ण वेगात हाणली. जहाजाचे टोक धुक्यातून बाहेर आले ते भिंतीसारखे. त्यावरून कोणीतरी काहीतरी ओरडले. जहाज बोटीच्या मागून गेले. मधले अंतर बोटीच्या लांबीएवढेही नव्हते. त्याच्या लाटेने आम्हाला उचलून आपटले. हिरव्या दिव्याची काच फुटली. डबे पाण्यात गेले. माणसे सगळी राहिली.

ताईने बोट वळवून अलीकडच्या धक्क्याला परत लावली.

फौजदार आणि वायरमन दोघेही धावत आले. एकाने तिचा हात धरला, दुसऱ्याने त्यावर पाणी ओतले. अर्धे मिनिट ती दोन चांगली माणसे होती. मी घड्याळ नाही, पण अर्ध्याहून जास्त नव्हते.

"वायरिंग कोणी केलं होतं?" फौजदार म्हणाला. "विचारा, ह्यालाच विचारा, कोणी केलं होतं!"

"मी पाचचा फ्यूज घातला होता. वायर जळेलच कशी? कोणीतरी बदलला तो."

"मी हातही लावला नाही."

"मामा, खोटं बोलू नका."

"खोटं? आज पहाटे तूच बदलला असशील, मला बदनाम करायला!"

"मी?" वायरमनचा आवाज चढला. "वीसचा पिवळा होता! तुम्ही बाकावर घोरत होतात तेव्हा गुरुवारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय!"

तो जिंकला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतही होते. मग त्याच्या लक्षात आले की धक्क्यावर सगळे त्याच्याकडेच बघत आहेत.

"गुरुवारी?" वेल्डर म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

ताईने हात पाण्याखालून काढला.

"गुरुवारी पाहिलास?"

"अगं, सोमवारी तपासणी होती. साहेबासमोर यांचं पितळ..."

"गुरुवारी संध्याकाळी मी गेले. शुक्रवारी दोन्ही वेळा गेले. आज गेले." ती आवाज न चढवता बोलत होती. "आज सकाळी जेवणाचा डबा कोणी भरून दिला मला?"

तो पुन्हा तिच्या हातावर पाणी ओतायला पुढे झाला.

"तूच दिलास ना? धुकं आहे, जपून जा, असंही म्हणालास."

फौजदाराने संधी साधून तोंड उघडले. ती त्याच्याकडे वळली.

"आणि बाबा, तुम्ही पहिला फ्यूज जळाला तेव्हाच मला सांगितलं असतंत तर? एक हाक. तेवढीच हवी होती."

"त्याला बोलवावं लागलं असतं," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजातला फौजदार गेला होता.

"बोलवायचं होतं." ती उठली. "दोघांपैकी कोणीही आता माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. घरी दोघेही राहा, भांडा, काय वाटेल ते करा. बोटीवर नाही."

सोमवारी तपासनिसाने बोट तीन आठवड्यांसाठी बंद केली. त्या तीन आठवड्यांत ताईने एका हाताने वायरिंग नव्याने केले. अडले की ती धक्क्याकडे तोंड करून प्रश्न विचारायची आणि वायरमन तिथूनच उत्तर द्यायचा. दुसऱ्या टोकाला फौजदार बसलेला असायचा. फळी कुठे पोकळ आहे, कुठे खिळा आहे ते तो सांगायचा. दोघे तिच्याशी बोलत, एकमेकांशी नाही. तिने पत्रा उपटून फेकला, वायरभोवती रबर बसवले, दिव्यांच्या खाचेत पाचचा तपकिरी फ्यूज लावला आणि शेजारी दोन सुटे पाचचेच ठेवले. मोठा एकही ठेवला नाही. मला बदलावे असे वायरमनने सुचवले. "पट्ट्या घासून साफ केल्यात, पकड घट्ट आहे. डबा राहू दे. कोपरा दिसू दे," ती म्हणाली.

तिच्या दोन बोटांना आजही गरम-गार कळत नाही.

बोट पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने दोघांना एकेक काम दिले. आमची बोट दोन धक्क्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी असते. डाव्या धक्क्यावरून फक्त लाल दिवा दिसतो, उजव्यावरून फक्त हिरवा. डावीकडे म्हातारा उभा राहायचा. उजवीकडे वायरमन, हातात बोटीचा शेवटचा दोर धरून. दिवे लागले की म्हाताऱ्याने "लाल" म्हणायचे, वायरमनने "हिरवा" म्हणून दोर सोडायचा. मागचा आणि वरचा पांढरा ती स्वतः पाही. चार महिने धक्क्यावर त्या दोघांनी दिवसाला एवढाच एकेक शब्द उच्चारला, तोही तिच्याकडे बघून.

चार महिन्यांनी एका सकाळी दोन्ही शब्द झाले, ताईने इंजिनाला वेग दिला आणि तेवढ्यात माझ्यातला तपकिरी फ्यूज गेला. ताई मागे वळून प्रवाशांना बसायला सांगत होती. इंजिनाच्या आवाजात तिला काही ऐकू जाणार नव्हते. तिला थांबवू शकेल असा एकच माणूस होता: समोरच्या धक्क्यावर, हिरव्याकडे पाठ करून दोर सोडू लागलेला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांचे सगळे भांडण आले. मी ते स्पष्ट पाहिले. मग तो ओरडला, इतका मोठ्याने की पलीकडच्या होडीतले लोक उभे राहिले.

"ए वायरमन! लाल गेला! दोर सोडू नकोस!"

"धरलाय, मामा!" वायरमन ओरडला आणि त्याने दोर धक्क्याच्या खुंट्याला दोन वेढे देऊन आवळला.

बोट हिसका खाऊन थांबली. ताईने माझे झाकण उघडले. जळका फ्यूज हातात घेतला, पण लगेच दुसरा घातला नाही. टॉर्च घेऊन ती पुढे गेली. लाल दिव्याच्या घरात पाणी शिरले होते. तिने ते पुसले, सील बदलले, मग नवा फ्यूज बसवला. पंचवीस मिनिटे गेली. प्रवासी कुरकुरले. वेल्डर म्हणाला, "आज पगार कापला तर मामांच्या घरी जेवायला येईन." धक्क्यावरचे दोघे पुन्हा एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्यात समेट झाला असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण झाला नाही. अजूनही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामावर माझ्यासारखे डबे असतील. ते उघडल्यावर काही चुकीचे दिसले तर त्याच मिनिटाला ओरडून सांगा. ज्याचे तोंड पाहायची इच्छा नाही त्यालाही सांगा. जळालेल्याच्या जागी मोठा घालून गप्प बसू नका, आणि दुसऱ्याची फजिती होईल म्हणून झाकण लावून घरी जाऊ नका. बोटीत कोण बसले आहे ते आधी बघा. एकमेकांवर प्रेम करा, असे मी सांगत नाही. ते माझ्या कामात बसत नाही. त्या सकाळी लाल दिवा गेल्याचे ज्याने सांगितले त्याचे ऐकणाऱ्यावर प्रेम नव्हते. तरी दोर धरला गेला, आणि ताई संध्याकाळी घरी जेवायला होती.